गाईला १०६ ताप, खांद्यापुढं लिंबाएवढी गाठ. गोचीड ताप कुणाकडं झालाय का?

दावणकरी_संगमनेर

मंडळी राम राम. इथं वाचत असतो पण धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडं ११ जनावरं, सगळी एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) क्रॉस, दोन म्हशी वेगळ्या. त्यात तारा म्हणून दुसऱ्या वेताची गाय, २२ लिटरची, साडेतीन महिन्यांची गाभण. मागच्या रविवारी सकाळी धारेला बसलो तर कास निम्मी. ९ लिटर. मला वाटलं मुरघास बदलला म्हणून असेल. दुपारी वैरणीला तोंड लावंना, रवंथ बंद, डोळ्यांतून पाणी. गावात जो इंजेक्शनं देतो त्याला बोलावलं, त्यानं हात लावून सांगितलं तिवा आहे, तीन दिवसांत उतरतो. तापाचं एक आणि अँटिबायोटिक एक अशी दोन टोचली. संध्याकाळी ताप उतरला, गाय चार घास खाल्ली, आम्ही खुश. सोमवारी पहाटे परत १०६. परत इंजेक्शन, परत उतरला, परत चढला. असं बुधवारपर्यंत चाललं. बुधवारी आईनं गाईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणली अरे ही तर पांढरी फटक झालीय.

मग तालुक्याच्या डॉक्टरांना गाडी पाठवली. त्यांनी आल्याआल्या खांद्याच्या पुढं मानेच्या बुडाला हात घातला आणि माझा हात धरून तिथं लावला. लिंबाएवढी गाठ. चार दिवस गाईच्या अंगावरनं हात फिरवतोय, एकदाही लागली नव्हती कारण तिथं बघायचं असतं हेच ठाऊक नाही. कानाच्या शिरेतनं रक्ताचा थेंब घेऊन तपासायची काच (स्लाइड) केली, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, थायलेरिया, म्हणजे गोचीड तापच. त्याचं औषध बुपारवाक्वोन दिलं. गाय साडेचारशे किलोची, २० मिलीची बाटली पुरली नाही, दुसरी फोडावी लागली. हिमोग्लोबिन ४ च्या आसपास म्हणून शेजारच्या गोठ्यातल्या दणकट गाईचं रक्त काढून चढवलं, चार लिटर. गाईला रक्त चढवतात हेच मला माहिती नव्हतं, अर्धा गाव बघायला आलेला.

आज सहावा दिवस. ताप नाही, उठून उभी राहते, दूध ३ लिटर.

आता प्रश्न. एक, १२ दिवसांपूर्वी एका व्यापाऱ्याकडनं नवी गाय आणली होती, तिच्या अंगावर गोचीड होत्या, त्याच्यामुळंच झालं हे नक्की ना? पैसे परत मागायचा विचार आहे. दोन, एका कालवडीला पण गाठ लागतेय, ताप १०३, काय करू? तीन, गोठ्यात दोनदा औषध मारलं तरी पंधरा दिवसांत गोचीड परत येतात, औषधात भेसळ आहे का?

मुळाकाठचा_डॉक्टर

निवृत्त आहे त्यामुळे वेळ आहे. पहिल्यांदा कालवड. आज संध्याकाळच्या आत डॉक्टर बोलवा आणि इंजेक्शनाच्या आधी काच करून घ्या. मी इथून डोस लिहीत नाही, वजन बघून द्यायचं औषध आहे. मानेत खोल टोचावं लागतं आणि एका जागी १० मिलीच्या वर घालायचं नाही. हे कुणीतरी सगळं एका ठिकाणी ढोसतं आणि मग गळू आलं म्हणून औषधाला शिव्या देतं.

तिव्याचं सांगतो. तिवा पण पावसाळ्यातच येतो, ताप पण तसाच सणसणीत, म्हणून घोटाळा होतो. पण तिव्यात जनावर आखडतं, लंगडतं, आज या पायानं उद्या त्या पायानं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप उठतं. गोचीड तापात लंगडणं नसतं, गाठी सुजतात. खांद्यापुढची आणि मांडीच्या पुढं कुशीतली, दोन्हीकडच्या चाचपायच्या. तापाच्या इंजेक्शननं ताप उतरणारच हो, कशानंही आलेला उतरतो, त्यानं रोग कळत नाही उलट दिवस जातात. तुमचे चार गेले. स्टेरॉइड दिलं नसेल अशी आशा करतो, गाभण गाईला ते दिलं तर गाभ टाकू शकते आणि अंगातली लढायची ताकद पण खाली बसते.

बाकी दोन प्रश्नांचं रात्री लिहितो. तोवर एक सांगा, त्या गोठ्यात आधी कधी वासरू दगावलंय का?

खिल्लारप्रेमी

आमच्या माणदेशात या. खिल्लारीच्या अंगावर गोचीड बसते, चावते आणि मरते 😄 हे सगळं त्या विलायती रक्ताचं लाड आहे. देशी ठेवा, रोगच नाही.

कालवड_नंबर_सात

@खिल्लारप्रेमी दादा २२ लिटर खिल्लार देत असेल तर पत्ता द्या, उद्या सगळ्या गाई विकून येते. बचत गटाचं कर्ज एचएफवरच फिटतंय आमचं.

लॅबवाली

मी पशुरोग प्रयोगशाळेत काम करते, दिवसाला एवढ्या काचा बघते की झोपेत पण काच रंगवायच्या गिम्सा स्टेनचा जांभळा रंग दिसतो.

खिल्लारप्रेमींचं अर्ध बरोबर आहे. देशी जनावरांना हा रोग सौम्य जातो, म्हशींनाही, पण जंतू अंगात असतोच. काहीही न होता तो बाळगत राहतात आणि गोचीड त्यांच्याकडनं घेऊन संकरित गाईला देते. त्यामुळं देशी शेजारी संकरित बांधली की देशीला काही नाही आणि संकरित आडवी, हे नेहमीचं आहे.

आता हा जंतू करतो काय ते सांगते कारण मला ते अजूनही भन्नाट वाटतं. थायलेरिया आधी रक्ताच्या लाल पेशीत जातच नाही. गोचीडच्या लाळेतनं येतो आणि पांढऱ्या पेशीत घुसतो, आणि त्या पेशीला असं काही करतो की ती कॅन्सरच्या पेशीसारखी वाढत सुटते. पेशी दुभंगते तेव्हा हा पण तिच्याबरोबर वाटला जातो, दोन्ही पिल्लांत हजर. खांद्यापुढची गाठ सुजते ती म्हणून. तिथलं पाणी सुईनं काढून काचेवर घेतलं तर पेशीत निळे ठिपके दिसतात. जंतू मारला की पेशी परत शहाणी होते, हे अजून नवल. पुढच्या टप्प्यात तो लाल पेशीत उतरतो, मग रक्त कमी, पापणी पांढरी, कावीळ. म्हणजे पापणी पांढरी दिसेपर्यंत थांबलात तर तुम्ही गोष्टीच्या शेवटच्या पानावर आलात.

आणि प्लीज, काच करताना कानाचा केस कापून, पुसून, वाळवून थेंब घ्या, काच धुळीची नको, आणि हवेत वाळवूनच कागदात गुंडाळा. निम्म्या काचा आमच्याकडं ओल्या चिकटून येतात, त्यात बघायला काही उरत नाही आणि मग लोक म्हणतात लॅबवाले काही सांगत नाहीत.

आबा_वडगावकर

आमच्या म्हशीला व्याल्यावर पंधरा दिवसांनी लाल लघवी, एकदम चहाच्या चोथ्यासारखी. गोचीडचाच रोग म्हणून बेरेनिल दिलं, फरक नाही. हा पण तोच का?

मुळाकाठचा_डॉक्टर

आबा, नाही. लाल लघवी म्हटलं की सगळ्यांना गोचीडचा दुसरा रोग, बबेसियाच आठवतो. बबेसियात लाल पेशी रक्तातच फुटतात, त्याचा रंग लघवीत उतरतो, ताप असतो, आणि त्याला बेरेनिल चालतं. पण म्हैस व्यायल्यावर दोन-चार आठवड्यांत लघवी लाल आणि ताप नाही, तर आधी फॉस्फरसची कमतरता धरायची. भारी दुधाच्या म्हशीचं सगळं फॉस्फरस दुधात जातं. बेरेनिल तिथं पाणी टोचल्यासारखंच. काच आणि रक्त तपासा, फॉस्फरस शिरेतनं देतात, डॉक्टरांना सांगा. आणि थायलेरियात लघवी सहसा लाल होत नाही, थायलेरियाला बेरेनिल पण लागू पडत नाही, दोघांचं औषध वेगळं आहे. तिसरा भाऊ आहे अ‍ॅनाप्लाझ्मा, त्यात कावीळ, बद्धकोष्ठ, लघवी साधी, त्याला टेट्रासायक्लिन. एकाच गाईत दोन-दोन पण सापडतात. म्हणून काच काच म्हणून ओरडतोय.

आता दावणकरी, व्यापाऱ्याचं. १२ दिवसांचा हिशेब बसत नाही. थायलेरिया पसरवणारी गोचीड ह्यालोमा, पायावर पांढरट पट्टे असतात बघा. ती एका जनावरावर आयुष्य काढत नाही. पिल्लू चढतं, रक्त पितं, खाली पडतं, भिंतीच्या फटीत जाऊन कात टाकतं, मोठं होऊन परत दुसऱ्या जनावरावर चढतं. जंतू घेतला लहानपणी तर देतं कात टाकल्यावर. या कात टाकण्यालाच काही आठवडे जातात. मग ती चिकटल्यावर जंतू तिच्या लाळेत तयार व्हायला दोन-तीन दिवस, मग गाईच्या अंगात दहा-पंधरा दिवस कधी जास्त, तेव्हा ताप. नव्या गाईवरची मोठी गोचीड थेट उडी मारून तारावर गेली असं म्हणायला जागा थोडी राहते, पण बारा दिवसांत सगळं झालं हे मला पटत नाही. तुमच्या गोठ्यात हा पाहुणा आधीपासून राहतोय. म्हणून वासराचं विचारलं.

दावणकरी_संगमनेर

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप नाही आली खरं सांगतो.

मागच्या श्रावणात एक पाडी गेली. अडीच महिन्यांची. ताप, गाठी होत्या का ते कुणी बघितलं नाही, पण शेवटी डोळे बाहेर आल्यासारखे झालेले, बुबुळं सुजून खोबणीतनं पुढं. आम्ही म्हटलं सर्पदंश किंवा काहीतरी लागलं. वडलांनी दृष्ट काढली. त्याच्या आदल्या वर्षी पण एक गेली होती ती हगवणीनं गेली असं धरलेलं, आता कुणाला माहिती.

लॅबवाली

डोळे बाहेर आलेलं वासरू आणि ताप, हे थायलेरियाचं आम्ही पुस्तकात शिकलो तसंच आहे. पाडीची काच नाही म्हणून छातीठोक सांगणार नाही. पण नव्या गाईचीच नाही, गोठ्यातल्या सगळ्यांची काच करून घ्या. काच साफ आली म्हणून ती निर्दोष असंही समजू नका, जुन्या रोग्याच्या रक्तात जंतू इतके विरळ असतात की काचेत निसटतात, पीसीआर केलं तर पकडतात.

आजीचा_बटवा

गोचीडला एकच उपाय, रॉकेल आणि तंबाखूचं पाणी, नाहीतर गाडीचं जळकं ऑइल चोपडा. आमचे आजोबा हेच करायचे. औषधं कंपन्यांची पोटं भरायला.

मुळाकाठचा_डॉक्टर

ताई, तुमच्या आजोबांना नमस्कार, पण जळकं ऑइल नको. कातडी भाजते, गाय चाटते, पोटात जातं. तंबाखूचं पाणी दाट झालं तर निकोटिनची विषबाधा होऊन वासरं आडवी झालेली मी दोन वेळा बघितली आहेत. करंज तेल, कडुनिंबाचं तेल लावा, त्यानं थोडं कमी होतं, नुकसान नाही. आणि कोंबड्या ठेवा. खरंच ठेवा, गोठ्यात दहा गावरान कोंबड्या सोडल्या तर भिंतीच्या बुडाच्या गोचीड टिपून खातात.

कालवड_नंबर_सात

कोंबड्यांचं अगदी खरं. फक्त गव्हाणीत बसायला लागतात आणि पेंडीत घाण करतात, वरनं जाळी टाका.

दोडामार्गचो_माणूस

आमच्याकडं सिंधुदुर्गात गोचीड म्हटलं की गाय नाही, माणूस आठवतो. २०१६ पासून माकडताप, काजूच्या बागेत जायला लोक घाबरायचे. ती गोचीड वेगळी हे माहिती आहे पण एक सांगतो, हातानं ओढून नखावर चिरडायची सवय सोडा. आमच्याकडं आता गोचीड लांब ठेवणारं डीएमपी तेल लावूनच रानात जातात.

लॅबवाली

बरं झालं काढलंत. गुरांवरची ह्यालोमा सुद्धा साधी नाही. २०११ साली गुजरातमध्ये साणंदजवळच्या गावात क्रिमियन काँगो ताप सापडला, भारतात पहिल्यांदा, पुण्याच्या एनआयव्हीनं (राष्ट्रीय विषाणू संस्था) निदान केलं. उपचार करणारे डॉक्टर आणि नर्स पण त्यात गेले. तो विषाणू याच जातीच्या गोचीडमधून आणि जनावराच्या रक्तातून येतो. गाईला थायलेरिया झाला म्हणून माणसाला थायलेरिया होत नाही, घाबरू नका. पण गोचीड काढताना हातमोजे, चिमटा, आणि काढलेली रॉकेलच्या डब्यात. चुलीत टाकताना फुटून अंगावर उडते.

दावणकरी_संगमनेर

हे वाचून आईला दाखवलं. ती रोज संध्याकाळी अंगणात बसून दगडावर चिरडायची, वीस वर्षं.

औषधाचं राहिलं डॉक्टर. मी डेल्टामेथ्रिन मारतो, एक लिटरला दोन मिली, बरोबर आहे ना? सगळ्या गाई धुतल्यासारख्या भिजवतो.

मुळाकाठचा_डॉक्टर

मात्रा बाटलीवरची बरोबर वाचलीत. चूक वेगळी आहे, तुम्ही गाई भिजवता आणि भिंत कोरडी ठेवता. एका वेळी गाईवर दिसतात त्या गोचीड म्हणजे कुटुंबातले कामावर गेलेले, बाकी घर भिंतीत. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. तुमची भिंत कसली आहे?

दावणकरी_संगमनेर

दगड-मातीची. आजोबांच्या वेळची. गव्हाणीमागं तर बोट जाईल अशा फटी.

मुळाकाठचा_डॉक्टर

मग भेसळ औषधात नाही.

गाई बाहेर बांधा, भिंत, गव्हाणीचा बुड, खुंट्याच्या खाचा, छताचे वासे, सगळं फवारा. जनावरावर आणि गोठ्यात एकाच दिवशी, आणि दोन आठवड्यांनी परत, कारण अंड्याला औषध लागत नाही, तोवर नवी पिल्लं निघालेली असतात. दरवेळी तेच औषध नको, वर्षानुवर्षं एकच वापरलं की गोचीड सरावतात, अमिट्राझसारखं दुसऱ्या गटातलं आलटून घ्या. मनानं मात्रा वाढवू नका. फवारलेलं पाणी ओढ्यात नको, मासे मरतात. आयव्हरमेक्टिन टोचणार असाल तर दुधाच्या गाईचं डॉक्टरांना विचारून, त्याचा अंश दुधात उतरतो.

वायकाटो_मराठी

न्यूझीलंडहून लिहितोय, इथं डेअरी फार्मवर काम करतो. इथं २०१२ पासून थायलेरियाचाच दुसरा भाऊ, ओरिएंटॅलिस इकेडा, पसरलाय, गोचीड पण वेगळी. गंमत म्हणजे इथं भिंतच नाही, गाई बारा महिने कुरणात, गोचीड गवतात. त्यामुळं तुमच्यासारखं फटी बुजवून सुटता येत नाही, माझ्या मालकाला तुमचा गोठा दिला तर तो आनंदानं प्लास्टर करेल. आणि थायलेरिया हे नाव अर्नॉल्ड थायलर नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यावरून आहे, त्याच्या मुलाला पुढं पीतज्वराच्या लसीसाठी १९५१ चं नोबेल मिळालं. धाग्याशी संबंध नाही, राहवलं नाही.

कालवड_नंबर_सात

लसीचं कुणीच बोललं नाही? आमच्या संघाच्या डॉक्टरांनी कालवडींना दिली होती, ती रेतनाच्या कांड्या असतात तसल्या नायट्रोजनच्या कॅनमधूनच आणली, धूर निघत होता.

मुळाकाठचा_डॉक्टर

रक्षाव्हॅक-टी. जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूची लस, म्हणून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, आणि म्हणूनच गावागावात मिळत नाही. बाहेर काढली की लगेच टोचावी लागते, म्हणून पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून जनावरं गोळा केली तरच डॉक्टर कॅन घेऊन येतात. संकरित कालवडी, तीन महिन्यांपुढच्या, उन्हाळ्याच्या आधी. गाभण गाईला टाळतात, आजारी जनावरालाही देत नाहीत, म्हणजे ताराला आत्ता नाहीच. ताकद यायला दीड-दोन महिने लागतात, तोवर गोचीडपासून जपायचं. लस बबेसियाला चालत नाही, फक्त थायलेरियाला.

खिल्लारप्रेमी

मी चेष्टा केली त्याबद्दल सॉरी दावणकरी. पाडीचं वाचून वाईट वाटलं. माझ्या दोन खिल्लारी आणि शेजारी भावाच्या जर्सी एकाच दावणीला असतात, उद्या काच करून घेतो.

दावणकरी_संगमनेर

अपडेट. कालवडीची काच थायलेरिया आली, पण दुसऱ्याच दिवशी बुपारवाक्वोन पडलं, ताप १०१.५, वैरण खातेय, रक्त चढवायची वेळ आली नाही. तारा आणि ती एकाच रोगाच्या, पण एकीचे चार दिवस गेले आणि एकीचा एक.

बाकी सगळ्यांच्या काचा केल्या. नव्या गाईची साफ. आमच्याच दोन जुन्या गायी, एक सहा वर्षांची आणि एक आठ, त्यांच्या लाल पेशीत थोडे थोडे जंतू. दोघी ठणठणीत, दूध भरपूर, कधी आजारी नाहीत. त्यातली एक त्या मेलेल्या पाडीची आई आहे. व्यापाऱ्याला फोन केला होता चार दिवसांपूर्वी, वाईट बोललो होतो, काल परत केला. तो म्हणाला जाऊ द्या पाहुणं.

भिंतीचं वडलांशी दोन दिवस भांडण चाललं. आजोबांची भिंत आहे पाडणार नाही म्हणाले. काल गव्हाणीमागचा एक दगड पहारीनं सैल करून दाखवला, आत तांदूळ सांडल्यासारख्या गोचीड आणि अंड्यांचे तपकिरी घोस. वडील काही बोलले नाहीत, घमेलं घेऊन आले. आत्तापर्यंत अर्धी भिंत उकरून फटीत सिमेंट भरलंय, उरलेल्यावर गॅसची बंदूक फिरवतोय. दोर, पाचट, कडबा सगळं आधी बाहेर काढलं, आणि पाण्याची नळी चालू ठेवून.

तारा आज सकाळी साडेसात लिटर. गाभ आहे की गेला ते शुक्रवारी डॉक्टर हात घालून बघणार आहेत.

कालवड_नंबर_सात

शुक्रवारी रात्री लिहा नक्की. आणि वासे पण बघा, आमच्या वाशांत सगळ्यात जास्त निघाल्या होत्या.